मरणाला वेगळी चाल नाही

पेटीवर पांढरी दोनचा षड्ज धरावा आणि चारच स्वर वाजवावेत: कोमल गंधार, रिषभ, पुन्हा कोमल गंधार, षड्ज. मग रिषभ, खालचा कोमल निषाद आणि षड्जावर दोनदा मुक्काम. एकाही काळ्या पट्टीला बोट लागत नाही, इतकी सोपी ओळ. युरोपातल्या जाणत्या श्रोत्यासमोर ती वाजवली तर पहिल्या चार स्वरांतच त्याला मरण आठवतं. तीच ओळ वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपुरात, भजनी मंडळातल्या पेटीवाल्यासमोर वाजवली तर त्याला काफीच्या वळणाची ओळखीची जागा ऐकू येईल. तो तिच्यावर एखादा अभंग बसवून पाहील, टाळकरी ठेका धरतील, आणि मयतीचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. इथे कानाच्या तयारीचा प्रश्न नाही. आपल्या अभंगांत मरणाबद्दल जितकं बोललं गेलं आहे तितकं फार थोड्या भाषांतल्या गाण्यांत सापडेल. तरीही ऐकताक्षणी मरणच समोर उभं राहावं अशी एकही चाल मराठीत तयार झाली नाही. याला मी उणीव मानत नाही. आपल्याकडे मयतीच्या गाण्याची जी घडण झाली तिचाच हा परिणाम आहे, आणि ती घडण समजून घ्यायची तर आधी त्या चार स्वरांकडे नीट पाहायला हवं.

त्या गाण्याचं नाव ‘दिएस इरे’, म्हणजे कोपाचा दिवस. तेराव्या शतकातलं हे लॅटिन पद संत फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो याच्या नावावर परंपरेनं सांगितलं जातं. आठ-आठ अक्षरांच्या तीन ओळी आणि तिन्ही ओळींना एकच यमक, अशी त्याची बांधणी. आठ अक्षरांचा चरण आपल्या छोट्या अभंगातही असल्यामुळे मराठी कानाला ही मोजणी परकी वाटू नये. विषय शेवटच्या न्यायाचा. जग जळून राख होईल, तुतारी वाजेल, थडग्यांतली माणसं उठून उभी राहतील आणि ज्यात सगळं लिहून ठेवलंय ती वही उघडली जाईल. चित्रगुप्ताची वही माहीत असलेल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पदातला बोलणारा एकटा आहे. तो गेलेल्या माणसासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त गयावया करतो. त्यावरून हे मुळात एकांतातल्या चिंतनाचं पद असावं आणि मृतांसाठीच्या मिस्साशी, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीशी, ते नंतर जोडलं गेलं असावं, असं मानायला जागा आहे. पण एकदा जोडलं गेल्यावर गाठ पक्की बसली. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर १५७०मध्ये निघालेल्या मिस्साच्या अधिकृत ग्रंथात या प्रकारच्या असंख्य पदांपैकी फक्त चार शिल्लक ठेवली गेली. त्यांत हे एक होतं. पुढची चारशे वर्षं कॅथलिक जगात मृतांसाठीचा मिस्सा म्हटला की हे शब्द आणि ही चाल, दोन्ही ठरलेली. पोपच्या रोमपासून खेड्यातल्या चर्चपर्यंत छापील ग्रंथ एक, स्वरलेखन एक.

पुढे या गाण्याचे दोन प्रवास झाले. शब्दांचा एक आणि चालीचा दुसरा. मोत्सार्टनं १७९१मध्ये आणि व्हर्दीनं १८७४मध्ये शब्द घेतले आणि संगीत स्वतःचं रचलं. दोघांच्या रचना थोरच आहेत, पण मरणाची सार्वत्रिक खूण होण्याचा मान त्यांच्या सुरावटींना मिळाला नाही. तो मिळाला जुन्या, साध्या, एकेका अक्षराला एकेक स्वर देणाऱ्या चालीला. १८३०मध्ये बर्लिओझनं आपल्या ‘सिंफनी फँतास्तिक’मध्ये शब्द टाकून फक्त चाल उचलली. घंटा वाजतात, खर्जातली वाद्यं ती ओळ संथपणे म्हणतात, आणि एक अक्षरही न उच्चारता सभागृहाला कळतं की नायकाचं मर्तिक चाललंय. लिस्टनं तिच्यावर पियानो आणि वाद्यवृंदासाठी मृत्यूचं नृत्य रचलं. सेंट-सान्सनं तिला नाचाच्या तालात बसवलं. रखमानिनोव्हला तर तिनं जन्मभर सोडलं नाही. १९४०मधल्या त्याच्या शेवटच्या मोठ्या रचनेतही ती आहे. १९८०च्या ‘द शायनिंग’ या भयपटाची सुरुवात याच ओळीवर होते. आणि ज्या चर्चनं हे गाणं चारशे वर्षं सांभाळलं, त्यानंच १९६९-७०च्या सुधारणांत मृतांच्या मिस्सातून ते काढून टाकलं, कारण भीतीपेक्षा पुनरुत्थानाच्या आशेवर भर द्यायचं ठरलं होतं. म्हणजे मयतीत ही चाल उरली नाही आणि चालीतून मयत गेली नाही.

असं घडलं यामागे त्या स्वरांतच काही गूढ शक्ती आहे, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तेच स्वर काफीत आहेत, होळीच्या गाण्यांत आहेत, कितीतरी लोकगीतांत आहेत, आणि तिथे ते खेळतात, लाडिक होतात. कारण वेगळं आहे. ही चाल लग्नात वाजली नाही, सणाला वाजली नाही, शेतात वाजली नाही. चर्चमध्ये शब्दांना तिनं कधी सोडलं नाही आणि शब्दांनी मरणाला सोडलं नाही. एकच चाल, एकच प्रसंग आणि चारशे वर्षांची सक्तीची आवृत्ती या तिन्ही गोष्टी जमल्या की स्वरांची खूण होते, मग ते स्वर कुठलेही असोत. पुरावा आपल्याच देशात, अगदी अलीकडचा आहे. राष्ट्रीय दुखवटा असला की आकाशवाणीवर नेहमीचे कार्यक्रम थांबत आणि सारंगी वाजत राही. त्या काळात रेडिओभोवती बसलेल्या पिढीच्या मनात सारंगी म्हणजे कुणीतरी मोठं माणूस गेलं, हे समीकरण घट्ट बसलं. ज्या वाद्यानं ठुमरीची साथ करून शृंगार उभा केला, त्याला काही दशकांच्या सरकारी शिस्तीनं दुखवट्याचं करून टाकलं. खूण जन्मजात नसते, ती लावली जाते. म्हणून कौंडण्यपूर ज्यात येतं त्या वऱ्हाडापुढे प्रश्न ठेवायचा तो असा: इथे अशी खूण का लागली नाही?

कौंडण्यपूर हे विदर्भराज भीष्मकाच्या राजधानीचं ठिकाण आणि रुक्मिणीचं माहेर म्हणून मराठी माणसाला ठाऊक आहे. मोरेश्वर दीक्षितांनी १९६०च्या दशकात इथे केलेल्या उत्खननातून या गावाचं प्राचीनत्व जमिनीतूनही समोर आलं. आजचं कौंडण्यपूर म्हणजे नदी, तिच्या काठावरचं रुक्मिणीचं देऊळ, कार्तिकातली यात्रा आणि आषाढीला पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी. संत सदाराम महाराजांनी १५९४मध्ये ही पालखी सुरू केली असं परंपरा सांगते. माहेरची पालखी म्हणून पंढरपुरात तिचा मान वेगळा. याच काठावर आसपासच्या गावांतली माणसं आपल्या मेलेल्यांच्या अस्थी घेऊन येतात. एकाच घाटावरून एक वाट पंढरीला जाते आणि दुसरी गेलेल्या माणसाला पाण्यात सोडायला उतरते, आणि दोन्ही वाटांवर टाळ तेच असतात.

हे ‘तेच’ शब्दशः घ्यायचं. वऱ्हाडातल्या एखाद्या गावी माळकरी म्हातारा गेला की निरोप जातो तो गावच्या भजनी मंडळाला. काकड्याला, सप्त्याला आणि दिंडीत जी माणसं उभी राहतात, तीच तिरडीपुढे उभी राहतात. त्यांच्यासाठी वेगळं वाद्य नाही, वेगळा पोशाख नाही. टाळांची दोरी नेहमीसारखीच बोटांना गुंडाळली जाते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, कणकेचा गोळा लावल्याशिवाय त्याचा आवाज भरत नाही. तो लावावाच लागतो. पण मयतीच्या घरातली चूल त्या दिवशी बंद असते, म्हणून ती मूठभर कणीक शेजारच्या घरून मळून आणायची. एवढाच काय तो फरक. बोटं पाण्यात बुडवून वादक तो गोळा थापतो, कडेनं पातळ करतो, एक थाप देऊन आवाज अजमावतो, थोडी कणीक काढतो आणि पुन्हा थाप देतो. सप्त्याच्या मांडवातही तो हेच करतो. मग तिरडी उचलली जाते आणि भजनी ठेका सुरू होतो. आठ मात्रांचा हा ठेका चालण्याचाच ठेका आहे. पंढरीच्या वाटेवर दिवसभर चालणाऱ्या पायांनी तो घडवलाय, आणि खांद्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या खांदेकऱ्यांच्या पायांनाही तो तसाच बसतो. विसाव्याला तिरडी टेकते, खांदे बदलतात, पुढची वाट सुरू होते. म्हटले जाणारे अभंग देह नाशिवंत असल्याचे असतील, नामाचे असतील, पंढरीचे असतील. निवड प्रसंग पाहून होते, पण गाण्याची रीत प्रसंग पाहून बदलत नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली की पुढचं बरंच उलगडतं. अभंगाला ठरलेली चाल नसते. ठरलेला असतो तो छंद. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. या सांगाड्यावर गायक आपली चाल चढवतो. कधी भूपाची, कधी मालकंसाची, एका फडात एक आणि दुसऱ्या फडात दुसरी. तुकोबांचा एकच अभंग आळंदीत एका चालीनं आणि अकोल्यात दुसऱ्या चालीनं ऐकू येतो, आणि दोन्हीकडे तो त्यांचाच असतो. त्यामुळे एखादा अभंग पाचशे मयतींत म्हटला गेला तरी पाचशे वेळा एकच सुरावट कानावर पडत नाही, आणि मरणाला चिकटायला सुरावट सापडत नाही. लॅटिन पद छापील स्वरलेखनात जखडलं गेलं म्हणून त्याची चाल खूण झाली. अभंग मोकळा राहिला म्हणून त्याच्या चालीवर डाग पडला नाही. दिएस इरेचा पुढच्या संगीतावरचा प्रभाव चार स्वरांत दाखवता येतो. आपल्या मयतीच्या गाण्याचा प्रभाव त्याच मापानं शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही. तो लयीत शोधावा लागतो, आणि लय तर सगळीकडेच आहे.

कुणी म्हणेल, मरणाची खास पदं आपल्याकडेही आहेत की. आहेतच. ज्ञानेश्वरांनी १२९६मध्ये समाधी घेतली. दिएस इरे युरोपात रुजत होतं तेच हे शतक. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग म्हणजे मराठीतलं पहिलं मोठं वियोगगीत, आणि आळंदीला दर कार्तिकात, वद्य त्रयोदशीला, तो प्रसंग कीर्तनातून पुन्हा उभा राहतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण त्या दिवसाला वारकरी काय म्हणतात ते पाहा: सोहळा. समाधी सोहळा. शब्द स्वतंत्र आहेत, प्रसंग स्वतंत्र आहे. चाल, ठेका, टाळ, उभं राहण्याची रीत, सगळं नेहमीच्या कीर्तनाचं. तुकोबांनी जिवंतपणीच स्वतःचं मरण डोळ्यांनी पाहिल्याचा जो अनुभव सांगितलाय, तोही त्यांनी उत्सव म्हणूनच सांगितला. थॉमसच्या पदातला एकटा माणूस न्यायासनासमोर थरथरतो. वारकऱ्याच्या डोळ्यासमोर मरणानंतर न्यायालय उभं राहत नाही, वाट उभी राहते, आणि वाटेचं गाणं त्याला आधीपासून येत असतं. दोन तत्त्वज्ञानांतला हा फरक गाण्याच्या घडणीतही उतरलाय.

आपल्याकडे वेगळेपणाची दुसरी वाटही होती आणि आहे. गरुडपुराण पाहा. यमाची वाट, वैतरणी, पापपुण्याचा हिशेब, यातना या सगळ्या वर्णनांमुळे दिएस इरेच्या सगळ्यात जवळचा ग्रंथ तोच ठरेल. आणि नेमका तोच ग्रंथ मरणापुरता बाजूला ठेवला गेला. सुतकाच्या दिवसांत तो वाचतात. एरवी घरात वाचू नये असं मानणारी घरं आजही आहेत. जे मरणाला वाहिलं जातं त्याला इतर दिवशी हात लावायला माणूस कचरतो, हा नियम युरोपात जितका खरा तितकाच इथेही खरा ठरला. म्हणूनच वारकऱ्यांनी दुसरी रीत पत्करली याला महत्त्व आहे. त्यांच्यासमोर नमुना नव्हता असं नाही. काकड्याचा आणि मयतीचा अभंग एकाच वहीत ठेवायचा, हे त्यांनी आचरणातून ठरवलं.

या मांडणीवर येणारा सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मयतीचं गाणं म्हणून आपण ज्या भजनाबद्दल बोलतो ते पुरुषांचं आहे. भजनी मंडळ अंगणात येण्याआधी घरात एक दुसरा आवाज उठलेला असतो: बायांचा. ‘गळा काढणं’, ‘हेल काढून रडणं’ हे वाक्प्रचार नीट ऐकावेत. गळा काढतात गाणारे, हेल काढतात गाणारे. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याला नात्यानं हाक मारायची, त्याचे गुण सांगायचे, त्यानं काय काय अर्धवट टाकलं ते विचारायचं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर एका ठरावीक उतारावरून खाली सोडायचा. याला नुसतं रडणं म्हणणं म्हणजे ऐकायला नकार देणं आहे. भाषेनं त्याला नाव दिलं होतं, रडगाणं. रडणं आणि गाणं हे दोन शब्द जोडून केलेलं हे एका कलाप्रकाराचं नाव आज आपण कुरकुरणाऱ्या माणसाला हिणवायला वापरतो. मराठीतलं मरणाचं खरं स्वतंत्र गाणं कुठलं असेल तर हेच, आणि त्याचं नाव शिवीसारखं होऊन बसलं. म्हणजे आपल्याकडे मरणाला वेगळी चाल नाही असं म्हणताना, होती ती चाल आपण मोजलीच नाही, हे कबूल करायला हवं.

हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तरीही मूळ म्हणणं सोडत नाही. पुरुषांच्या भजनानं या विलापाला झाकून टाकलं हे खरं. तिरडी उठली की टाळ वाजू लागतात आणि घरातला आवाज मागे राहतो. बऱ्याच समाजांत बाया स्मशानापर्यंत जात नाहीत, त्यामुळे त्यांचा सूर उंबऱ्याशीच संपतो. पण त्या विलापाची सुरावट ऐकली तर ती कुठून आली याचा माग लागतो. ती येते जात्यावरच्या ओवीतून. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि आईबापाचं मरणही आहे. पहाटे दळताना म्हटलेली ओवी आणि मयतीच्या घरात काढलेला हेल एकमेकांच्या सख्ख्या बहिणी आहेत. बाई दुःखासाठी नवी चाल शोधायला जात नाही, हाताशी असलेल्या चालीचाच उतार लांबवते. उंबऱ्याच्या आत बायांनी आणि उंबऱ्याबाहेर माळकऱ्यांनी, दोघांनीही रोजचंच गाणं मरणापर्यंत नेलं. फरक पडला तो प्रतिष्ठेत. एकाचं भजन झालं, दुसरीचं रडगाणं. त्याची भरपाई अजून कुणी केलेली नाही.

दुसरा आक्षेप वाद्याचा. डफड्याचं काय? वऱ्हाडात डफडं लग्नात वाजतं, पोळ्याला वाजतं आणि मयतीलाही वाजतं. म्हणजे ते वाद्यही मरणापुरतं नाही. तरी इथे अडचण संगीताबाहेरची आहे. वाजवणारा कोण असावा, मयताची वर्दी परगावी कुणी न्यायची, सरणाची लाकडं कुणी वाहायची, हे गावगाड्यानं जातीवर ठरवून टाकलं होतं. ज्यांच्यावर मरणाची सगळी कामं लादली त्यांना मरणाच्या भजनात टाळ धरू दिला नाही, ही आपल्या इतिहासातली लाज आहे. चोखामेळ्याची कथा या संदर्भात पुन्हा वाचावी. परंपरा त्यांचा जन्म वऱ्हाडातल्या मेहुणा राजा या गावचा सांगते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले, ते साल १३३८. नामदेव अस्थी शोधायला गेले तेव्हा कुठल्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येतं ते कान लावून त्यांनी चोखोबांच्या अस्थी वेचल्या. कथा म्हणून घ्या, पण कथा घडवणाऱ्यांनी काय निवडलं ते पाहा. ढिगाऱ्यातून त्यांनी विलाप ऐकू आणला नाही, मंत्र ऐकू आणला नाही. जन्मभर वेठ करताना जे नाम तोंडी होतं तेच हाडांत उरलं.

वेठीला अखेर नकार दिला गेला तो विसाव्या शतकात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातल्या लाखो माणसांच्या मयतीचं गाणंच बदललं. लॅटिन पदाशी खरी तुलना करायची तर ती इथे होते, कारण इथेही घरात न बोलली जाणारी एक प्राचीन भाषा गेलेल्या माणसाच्या उशाशी येऊन उभी राहते. पाली त्रिशरण, पंचशील आणि सर्व संस्कार अनित्य असल्याचं सांगणारी गाथा आज अमरावती-अकोल्याच्या बौद्ध वस्त्यांतल्या अंत्यविधीत म्हटली जाते. स्वर मोजके, चाल बरीचशी ठरलेली. मग दिएस इरेसारखी ही मरणाची खूण का झाली नाही? कारण तेच त्रिशरण लग्नात आहे, तेच नामकरणात आहे, तेच बुद्धविहारातल्या सकाळच्या वंदनेत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, ७ डिसेंबर १९५६ला, दादरच्या समुद्रकाठी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला दीक्षा दिली. एकाच जागी, एकाच संध्याकाळी, तेच शब्द निरोपाचेही होते आणि नव्या आयुष्याच्या सुरुवातीचेही. वारकऱ्यांशी ज्यांनी धर्म म्हणून नातं तोडलं त्यांनीही गाण्याच्या बाबतीत मरणाला वेगळी खोली दिली नाही. त्यामुळे ही रीत एका संप्रदायाची न राहता या मातीची झाली, असं मला वाटतं.

मराठी ख्रिस्ती समाजाची साक्षही याच बाजूची आहे. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५मध्ये वेगळा झाला, आणि पुढच्या पंधरा वर्षांत लॅटिन विधी मागे पडून लोकभाषेतली उपासना आली. म्हणजे दिएस इरेला वऱ्हाडात मुळं धरायला वेळ तसा मिळालाच नाही. त्याच्या पुष्कळ आधी, प्रॉटेस्टंट बाजूला, १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसानं काय गावं याचा निर्णय घेतला होता. तयार पाश्चात्त्य सुरावटी हाताशी होत्या. टिळकांनी अभंग घेतला, भजन घेतलं, कीर्तन घेतलं. त्यांच्या पदांवर वाढलेल्या मंडळींच्या घरात मयत झाली की तिथेही ओळखीच्याच छंदाचं गाणं होऊ लागलं.

वऱ्हाडातल्या दोन मोठ्या माणसांनी ही रीत आपल्या जगण्यातून आणि मरणातून पक्की केली. कीर्तन चालू असताना गाडगेबाबांना एकुलत्या मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हा प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे. त्याला कठोर वैराग्य म्हणतात. मला त्यात संगीताचीही गोष्ट दिसते. मुलाच्या मरणासाठी म्हणायचं असं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. जे चाललं होतं तेच म्हणायचं होतं. तेरवीसाठी कर्ज काढणाऱ्यांना ज्या माणसानं आयुष्यभर झोडपलं, त्यानं मरणाला जेवणावळ दिली नाही आणि वेगळं गाणंही दिलं नाही. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

दुसरे तुकडोजी महाराज. त्यांचं गुरुकुंज मोझरी कौंडण्यपूरच्याच तिवसा तालुक्यात आहे. ग्रामगीतेत त्यांनी अंत्यसंस्कारावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आणि भजनाच्या प्रभावावरही एक. दोन्हींत गावानं खर्च, रडारड आणि भेदभाव सोडून एकत्र यावं हाच ध्यास आहे. खंजिरीवर त्यांनी स्वातंत्र्यलढा गायला, ग्रामसफाई गायली, देव गायला. ११ ऑक्टोबर १९६८ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी ते गेले. तेव्हापासून दरवर्षी पुण्यतिथीला त्या मिनिटाला लाखो माणसं मोझरीला जमून स्तब्ध उभी राहतात. वऱ्हाडानं मरणासाठी निराळं असं काही घडवलं असेल तर ते हे मौन, आणि ते कुठल्याच चालीत बांधता येत नाही. टाळ नाही, खंजिरी नाही, जागच्या जागी थांबलेली गर्दी. मग मौन सुटतं, सगळ्या धर्मांच्या प्रार्थना सुरू होतात, आणि भजनाला बसणारी माणसं आपापल्या जागा घेतात.